मी मनगटावरची गाठ

मी एक गाठ बोलतेय. दोरीची नव्हे, पदराची नव्हे. माणसाच्या हातावर उगवलेली. नाव ऐकूनच तुमच्या पोटात गोळा आला असेल. तो बहुधा माझ्यापेक्षा मोठा असतो, हे मी अनुभवाने सांगते.

माझा जन्म एका बाईंच्या उजव्या मनगटाच्या पाठीवर झाला. मनगटातली लहान लहान हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून सांध्यात थोडं वंगण असतं. त्या सांध्याचं आवरण एका जागी फुगलं, वंगण आत झिरपून घट्ट झालं आणि देठाला द्राक्ष लागावं तशी मी वर आले. का आले, ते विचारू नका. डॉक्टरांनाही ते धड सांगता येत नाही, मग मी कुठून सांगू?

बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात. हातांनी बोलणं हा त्यांचा पेशा आणि त्यांचा संसारही, कारण त्यांचे यजमान जन्मापासून ऐकू न येणारे. ते घड्याळं दुरुस्त करतात. या घरातली भांडणं अगदी शब्दशः हातघाईवर यायची. ऐन रंगात दूध उतू जायला लागलं, की बाईंना वाक्य अर्धं सोडून पातेलं धरावं लागे. तेवढ्यात यजमान जिंकून मोकळे!

एकदा शाळेतून आल्यावर खडूची भुकटी धुताना बाईंचं बोट माझ्यावर अडकलं. त्यांनी दाबून पाहिलं. मी जराशी सरकले, पण गेले नाही. नळ तसाच वाहत राहिला.

त्यांच्या आईलाही गाठ झाली होती, छातीत. आईने ती सगळ्यांपासून लपवली आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता तुम्ही म्हणाल, अशी ठेच लागलेली मुलगी तरी शहाणी होईल. पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. विचारलंच नाही, तर वाईट उत्तर तरी कसं येईल? बाईंनी मनगटावर रुंद पट्टी बांधली. ‘लचकलंय,’ एवढंच यजमानांना सांगितलं.

पंजा मागे वळवला की मी दुखायचे. काही खुणा अर्ध्यावर राहू लागल्या, काही बाई टाळूच लागल्या. शाळेत इलाज नव्हता, तिथे कळ सोसून त्या बोलत. घरी येईपर्यंत हात थकलेला असे. मग जेवताना ‘हो’ला मान, ‘नाही’ला मान. हळूहळू त्या घराला खरीखुरी मुकी कळा आली.

एका संध्याकाळी यजमानांनी ताट बाजूला सारलं. त्यांचे हात म्हणाले, “दिवसभर मुलांशी बोलतेस. माझ्या वाट्याला नुसती मान. माझा कंटाळा आलाय का?”

बाईंनी उत्तर द्यायला हात उचलले. मग त्यांनी पट्टी सोडली.

यजमान उठून आपलं भिंग घेऊन आले, डोळ्याला लावून मला निरखू लागले. घड्याळात बिघाड शोधायची सवय! एकदा पाहून झाल्यावर त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

“कधीपासून?”

बाईंनी सांगितलं.

“आणि एकटीच घाबरत बसलीस? मी काय मेलोय?”

दुसऱ्या दिवशी यजमानांची थोरली बहीण आली. ताईंचं सगळंच एक घाव दोन तुकडे. मला पाहिलं आणि त्या तडक फळीवरून जाडजूड शब्दकोश घेऊन आल्या. “टेबलावर ठेव हात. आमच्या शेजारणीची एका दणक्यात बसली होती!”

यजमानांनी शब्दकोश काढून घेतला. “हात आहे तो, अक्रोड नव्हे,” त्यांनी खुणेनं सुनावलं. त्या दिवशी मी वाचले आणि बाईंच्या मनगटाची हाडंही वाचली.

हाडांच्या डॉक्टरांनी मला सावकाश चाचपलं. “कमी-जास्त होते का?”

“शाळा असली की फुगते. सुट्टीत बसते.”

“मग घाबरू नका. याला गँगलियन म्हणतात. कॅन्सर नाही, होणारही नाही. आत नुसता घट्ट द्रव आहे.”

बाईंनी हे यजमानांना हातांनी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. “खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून गोड करून सांगू नकोस.”

आयुष्यभर इतरांचं बोलणं पोचवणाऱ्या त्या हातांवर आज घरच्याच माणसाचा भरवसा बसेना. बाई डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टर, हे म्हणतात मी खोटं सांगतेय.”

डॉक्टरांनी पडदा ओढला, दिवा मालवला आणि माझ्या अंगाला छोटी टॉर्च टेकवली.

मी आतून उजळले. सगळीच्या सगळी, पिकल्या फळासारखी लालसर. भरीव गाठीतून असा उजेड आरपार जात नाही. यजमान वाकून पाहत राहिले. मग त्यांनी बोटांनी विचारलं, ‘पाणी?’ डॉक्टरांना खुणांची भाषा येत नव्हती, पण त्यांनी मान डोलावली.

त्या माणसाने माझ्यावर कपाळ टेकलं. बाई हुंदके देऊ लागल्या. ते यजमानांना ऐकू गेले नाहीत, मनगटातून कळले.

दिवा लावल्यावर डॉक्टरांनी सगळं समजावलं. “दाबून पाहूनच माझी खात्री झाली होती. शंका असती तर सोनोग्राफी केली असती. हिला अशीच राहू दिली तरी चालेल, पुष्कळदा आपोआप जिरते. फार दुखली तर सुईने द्रव काढू, पण ती परत येऊ शकते. शस्त्रक्रियेत देठासकट निघते. तरी पुन्हा येणारच नाही असं मी लिहून देणार नाही.” माझ्या बहिणींचीही त्यांनी ओळख करून दिली. एक बोटाच्या मुळाशी वाटाण्याएवढी होते, पिशवी उचलली की टोचते. दुसरी नखाजवळ उगवते. “तिला घरी सुईने फोडू नका. जंतू थेट सांध्यात जातात.”

बाईंनी सुई निवडली. गोंदासारखा पारदर्शक द्रव निघाला आणि मी सपाट झाले. पण देठ शाबूत होता. काही महिन्यांनी मी परत आले. या वेळी बाईंनी त्याच दिवशी यजमानांना दाखवलं. दोघं विचार करून म्हणाले, राहू दे. शस्त्रक्रियेनंतर हात बांधून ठेवायचा म्हणजे जीभ बांधण्यासारखंच. फारच दुखली तर पाहू.

मग एका दुपारी ताई आल्या. भावाला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं आणि बाईंच्या जवळ सरकून बसल्या.

“तुला डॉक्टरांकडे जाताना भीती वाटली होती का गं?”

“खूप.”

“मग गेलीस कशी?”

“हे सोबत होते.”

ताईंनी खाली पाहिलं. “मलाही एक लागतेय हाताला. पण हातावर नाही.”

बाईंनी चपला घातल्या, ताईंच्या चपला त्यांच्या पायापुढे सरकवल्या आणि त्यांचा हात धरून निघाल्या.

ती गाठ माझ्या जातीची नव्हती. पण अगदी लहान असतानाच सापडली. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, ताईंचे केस गेले. आता ते पुन्हा उगवताहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. ताई ते मिरवतात आणि सगळ्यांना पूर्वीसारख्याच दटावतात.

म्हणून मी बोलले. मी निरुपद्रवी आहे, हे मला माहीत आहे. तुमच्या अंगावर उगवलेली कोण आहे, ते तुम्हाला माहीत नसतं. पट्टीखाली झाकून अंदाज बांधू नका. एखाद्या जाणत्याला दाखवा, आणि जाताना घरचं कुणीतरी सोबत न्या.

आता थांबते. तास सुरू होतोय. बाईंनी हात वर केलाय आणि वर्गातल्या सगळ्या मुलांचे डोळे त्याच्याकडे लागलेत.