भिंतीकडची जागा

वारा दाराकडून यायचा आणि भिंतीकडे जायचा. सातऱ्यात याहून मोठा कायदा नव्हता.

सातरा म्हणजे कळमन्याच्या बाजारामागं, पत्र्याखाली पसरलेली लालच लाल जमीन. भिवापूरकडची मिरची पोत्यांनी यायची, ढीग लागायचा, आणि बाया ढिगाकडे तोंड करून एका रांगेत देठ खुडायला बसायच्या. दाराशी बसणारीला कोरा वारा. तिचा धुराळा दुसरीच्या नाकात, दोघींचा तिसरीच्या, आणि सगळ्या रांगेचा मिळून भिंतीशी बसलेलीच्या छातीत.

नवी आली की भिंतीशी. एखादी काम सोडून गेली, थकली, मेली, की मागच्या सगळ्या एकेक जागा पुढं.

भीमाबाईनं आल्या दिवशीच विचारलं होतं, "असं काहून?"

"पहिल्यापासून असंच आहे वं," शेजारीण म्हणाली होती.

तेव्हा भीमाबाई नवी नवरी होती. दाराशी पोचली तेव्हा तिला नातवंडं झाली होती आणि छातीत भाता वाजायला लागला होता. डॉक्टरनं सांगितलं, धुळीपासून लांब राहा. ती लांबच होती. दाराशी होती.

*

मग तारा आली.

पोट पुढं आलेलं, सातवा संपत आलेला. रिवाजाप्रमाणं भिंतीशी बसली. खोकायची तेव्हा दोन्ही हातांनी पोट धरायची, आणि हातांची आग पोटाला लागू नये म्हणून मनगटांनीच धरायची. सगळ्या बघत होत्या. सगळ्या खुडत होत्या.

भीमाबाई पाणी प्यायला उठली. पाणी पिऊन आपल्या जागेवरच यायचं होतं. पण पाय भिंतीकडे गेले. का गेले, ते पायांना ठाऊक.

"ऊठ वं. दाराशी जाऊन बस."

"मी?" तारा म्हणाली.

"मंग काय तुह्या सासूले सांगून राहिलो?"

रांगेतली दुसरी, रुखमा, तिथूनच ओरडली, "भीमाबाई, डोस्कं फिरलं का? जलम गेला तुहा तिथं पोचाले!"

"पुन्हा पोचतो. घाई काय आहे?"

त्या दिवशी भीमाबाई इतकी खोकली की रुखमाला रात्रभर झोप आली नसावी. कारण दुसऱ्या दिवशी भीमाबाई भिंतीशी गेली तर तिथं रुखमा आधीच बसलेली. नाकावर पदर घट्ट.

"इथं काहून बसली?"

"काहून, मले छाती नाही? आज मी. तू माह्या जाग्यावर जा."

तिसऱ्या दिवशी तिसरी

पदर खोचून

चौथ्या दिवशी चौथीनं आपलं पोतं स्वतःच ओढत नेलं

आणि तारा दाराशीच.

बैठक झाली नाही. मुकादमाला कुणी विचारलं नाही. 'ठरलं' हा शब्दही कुणाच्या तोंडून निघाला नाही. तरी ते ठरलेलं होतं. भीमाबाईला वाटलं, जमिनीतून काहीतरी वर येताना आपण डोळ्यांनी बघितलं.

*

पुढच्या हंगामात तारा नव्हती, लेकरात अडकली होती. रुखमा लेकीकडे राहायला गेली. पायल नावाची पोरगी नवी आली, कानात गाणी, ओठांत बडबड.

"भिंतीची पाळी रोज बदलते? आन् पोटुशी दाराशी? असं काहून?"

चौथी, जिनं आपलं पोतं स्वतः ओढत नेलं होतं ती, ढिगातून मान वर न करता म्हणाली, "पहिल्यापासून असंच आहे वं."

भीमाबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली.

*

उन्हाळा चढला तसा वारा तापला. एका सकाळी भीमाबाईचा श्वास अंगणातच अडकला. तरी ती आली, आणि गुपचूप दाराशी बसली.

"आजी," पायल म्हणाली, "आज भिंत तुमची."

"दम लागून राहिला मले. आजच्या दिवस राहू दे."

"पोटुशी आहे का तुम्ही?"

रांग हसली. भीमाबाईही हसली, मग खोकली.

"अवं पोरी, हे पाळीचं मीच सुरू केलं."

"हो ना. आन् मिरचीले तिखटपणाबी तुम्हीच देला."

पुन्हा हशा. भीमाबाईनं रांगेवरून नजर फिरवली. चौथीसुद्धा हसत होती, आणि त्या हसण्यात खोट नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. भीमाबाईला राग यायला हवा होता. आला नाही. अंगावर काटा आला. आपल्याच पोटचं पोर एवढं मोठं होऊन समोर उभं आहे, ओळख देत नाही, आणि आपल्यालाच म्हणतंय, सरका.

ती उठली. भिंतीशी गेली.

अख्ख्या रांगेचा धुराळा तिच्या नाकाशी आला. खोकला थांबेना. डोळ्यांपुढं लाल, मग काळं. एक श्वास हवा होता, एकच. ती पोत्यासकट फिरली. तोंड भिंतीकडे, पाठ वाऱ्याला.

रांगेला पाठ देणं म्हणजे भांडण. दोघींचं पटेनासं झालं तरच एखादी अशी बसायची.

रांगेतले हात थांबले.

"आजी, रुसल्या का वं?" शेजारून पायलचा आवाज. आता त्यात हसू नव्हतं.

भीमाबाईनं मान भिंतीकडे अजून खाली घातली. वारा पाठीवर आदळून दोन्ही बाजूंनी जात होता, आणि तिच्या तोंडापुढं ओंजळभर जागा मोकळी राहिली होती. तिथून तिनं एक श्वास घेतला. मग अजून एक. खोकला थांबला.

मागं पोतं घासल्याचा आवाज झाला. अगदी जवळ. पायलचं, जागच्या जागी भिंतीकडे फिरताना.

मग त्यापलीकडचं.

भीमाबाईला दिसत काहीच नव्हतं, समोर नुसती भिंत. वळून म्हणावं का, अवं नका, मी आपली दमापायी फिरलो? पण आवाज तिच्यापासून निघून गेला होता. एकेक पोतं घासत तो दाराकडे चालला होता, वाऱ्याच्या उलट.

मांडीवरची मिरची तशीच ठेवून ती ऐकत राहिली.