येणाऱ्याला सुलटी

द्वारकाबाईंना सकाळपासून चहासुद्धा गोड लागत नव्हता. नवघरच्या शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, २००६ उजाडलं, तरी आज जणू स्वतःचाच निकाल होता.

परीक्षा होती क्षितिजाची. तिसरीतल्या या पोरीला वाचता येत नाही म्हणून शाळेनं तिला मतिमंद ठरवून टाकलं होतं. आजच्या तपासणीत तसंच निघालं, तर शाळेतून तिचं नाव कमी करणार होते. वर्षभर तिला घरी शिकवणाऱ्या बाईंना ते मुळीच पटत नव्हतं.

क्षितिजाची आजी गोदूबाई क्लिनिकच्या बाकावर बसली. क्षितिजा मात्र बाईंचा पदर सोडेना. शेवटी तपासणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ विनिता मॅडम म्हणाल्या, "बाई, माझ्या मागे बसा. पण एक शब्द बोलायचा नाही हं."

मॅडमनी चित्र दाखवलं आणि लाल-पांढरे ठोकळे पुढे सरकवले. तशीच नक्षी जुळवायची होती. क्षितिजाची बोटं भराभर चालली. मॅडमनी फुली मारली. दुसरी नक्षी, पुन्हा फुली. तिसऱ्या फुलीला मात्र बाईंना राहवेना.

"मॅडम, इथून तर अगदी बरोबर दिसतेय हो!"

"तेच चुकतंय ना, बाई. तिच्या बाजूनं ती उलटी आहे." मॅडम थबकल्या. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "क्षितिजा, उलटी का गं मांडलीस?"

"तुमी समोर बसल्यान ना? आजी सांगते, दारानची रांगोली येनाऱ्याला सुलटी दिसाला पायजे."

मॅडम ताडकन उठल्या. खुर्ची ओढून क्षितिजाच्या शेजारी येऊन बसल्या. "आता मी तुझ्याच बाजूला. मांड!"

चार ठोकळ्यांची झाली. नऊ ठोकळ्यांची झाली. वेळ संपायच्या आत! बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या, "बाकीच्या चाचण्या गुरुवारी. पण ही मतिमंद नाही, हे आत्ताच सांगते. अडतंय ते वाचनात, आणि त्यावर मार्ग आहे. शाळेला तसं लिहून देईन."

"बघा आजी, तुमची रांगोळी कामाला आली!" आतली सगळी हकिकत सांगून बाईंनी गोदूबाईचा हात घट्ट धरला.

गोदूबाईनं डोळे पुसले आणि फणकारली, "आता त्या हेडमास्तरच्या दारान मीच रांगोली काढतें. आन् ती त्याला उलटी दिसंल अशी!"