एकशे सात नंबरचा बिल्ला

"तात्या, तुमीच दिलाय न्हवं का हा? मग आत घ्या की."

सारजानं पितळी बिल्ला खिडकीच्या फळीवर ठेवला. एकशे सात. तिच्या नवऱ्याचा, बिरूचा नंबर. महिपती तात्यांनी तो हातात घेतला. चिंचेनं घासून तिनं त्याचा पिवळाधमक चांद केला होता.

पंपाच्या त्या कारखान्यात तात्या बावीस वर्षं हजेरी घेत होते. कामगार वारला की तेराव्याला मॅनेजर बिल्ला घेऊन घरी जायचा, बायकोच्या नाहीतर पोराच्या हातात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून तो हात कामाला लागायचा. ना अर्ज, ना शिक्का. यंदा मालकानं कारखाना विकला. बिरूच्या तेराव्याला कुणी निघेना, तेव्हा तात्याच बिल्ला रुमालात बांधून एसटीनं शेळगावला गेले. त्यांना कुणी धाडलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"थांब हितं," म्हणत बिल्ला परत फळीवर ठेवून ते साहेबांकडं गेले.

नवे साहेब पुण्याचे, पण शांत माणूस. "महिपतराव, बसा. हे कुणी करायला सांगितलं?"

"रीत हाय सायेब."

"ती मालकाची रीत होती. आता मालक एक नाही, हजारो भागधारक आहेत. त्यांना मी शेळगाव कुठं दाखवू? ऑर्डर आली की माणसं घ्यायची, संपली की सोडायची. असं नाही चालवलं तर हे गेटच राहणार नाही; तुम्हीही नाही, मीही नाही. तिला ठेकेदाराकडं पाठवा."

"मी शबूद दिलाय वो."

"तो द्यायचा अधिकार तुम्हाला नव्हता," साहेब हळूच म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड गेलं असावं.

तात्या परतले. त्यांचं तोंड बघूनच सारजाला उमगलं.

"मागल्या गेटला जा, बाई. ठेकेदाराकडं काम मिळंल."

"आन् बिल्ला?"

"तितं बिल्ला लागत न्हाय."

"मग वळखत्यात कसं?"

"मोजत्यात."

सारजा जराशी हसली. "आमच्या वाड्यावर मेंढरांना बी नावं असत्यात, तात्या."

तिनं पदर खोचला. बिल्ला तिथंच ठेवून, कुंपणाच्या कडेकडेनं, तापू लागलेल्या मुरमावरून ती मागल्या गेटकडं चालत गेली. तात्या ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

नऊला ठेकेदाराची चिठ्ठी आली. 'बाया – अकरा.'

तात्यांनी ती हजेरीवहीत चिकटवली. मग शिसपेन्सिलीनं खाली एक ते अकरा आकडे घातले. पहिल्यापुढं लिहिलं, सारजा बिरू कोळेकर. पेन्सिल दोनच्या आकड्यापाशी थबकली.

पुढच्या दहाजणींपैकी कुणाचंच नाव त्यांना ठाऊक नव्हतं.