वर बघू नका

ऋजुताने हार्डडिस्कची वायर काढून पुन्हा खोचली. टेबलावर किटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आई तिच्याकडे बघत होती. येवल्यात दुपार झाली होती, आईच्या डोक्यावर पंखा फिरत होता. इथे परदेशात, ग्रोनिंगनमध्ये, मार्च उजाडूनही हीटर चालूच होता.

"सापडला का?"

"शोधतेय गं. खूप फोटो आहेत."

"संजीवमामा संध्याकाळी नाशिकला निघेल. स्टुडिओवाला वर्षश्राद्धाच्या आत फ्रेम करून देतो म्हणालाय. तो आधार कार्डावरचा फोटो भिंतीवरून काढायचाय मला. पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात त्यात."

ते खरंच होतं. कॅमेरा समोर आला की बाबांचा, म्हणजे वासुदेवरावांचा, चेहरा ताठ व्हायचा. लग्नाच्या अल्बमातही ते कुणाची तरी तक्रार करायला आल्यासारखे उभे आहेत. हसताना त्यांचा फोटो निघाला तो एकदाच, आणि तोही आकाशातून. 'माझ्या लेकीने पतंगाला कॅमेरा बांधून माझा फोटो काढला,' असं ते येवल्याला परतल्यावर गल्लीभर सांगत फिरले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ते एकटेच लेकीकडे आले होते. आईला विमानाची भीती. करोना तेव्हा बातम्यांतच होता. ऋजुताचं संशोधन टुंड्रावरचं. गोठलेली जमीन वितळून तळी कुठे होतात, शेवाळ कुठवर सरकतं, हे वरून काढलेल्या फोटोंतून मोजायचं. तिथल्या थंडीत ड्रोनच्या बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून पतंग. त्याच्या दोराला कॅमेरा टांगायचा, तो आपोआप फोटो काढत राहतो, आणि मग ते सगळे फोटो जोडून एक नकाशा करायचा. उन्हाळ्यात उत्तरेला जायचं ठरलं होतं. त्याआधीचा सराव समुद्राच्या बांधापलीकडच्या खाऱ्या गवतावर चालला होता, आणि दोर धरायला आयता येवल्याचा माणूस मिळाला होता, ज्याची अख्खी संक्रांत गच्चीवर जायची.

"हा कसला पतंग? काटाकाटी नाही, काही नाही. बैलासारखा नुसता ओढतो," वासुदेवराव कुरकुरले. पण स्वारी खुशीत होती. दर थोड्या वेळाने मान वर करून ते कॅमेऱ्याला हात दाखवायचे.

"बाबा, वर बघू नका! हात हलवू नका ना, फ्रेम वाया जातात."

"बरं बाई," म्हणायचे, आणि पुन्हा हलवायचे.

तिने मोबाइल काढला तेव्हा त्यांनीच अडवलं. "तो कशाला? वरून निघतायत की."

मग वाऱ्याकडे पाठ करून दोघांनी आईने दिलेल्या दशम्या खाल्ल्या.

"तिकडे टुंड्रावरही दोर धरायला माणूस लागेल ना? मी येतो."

"तिथे कुणालाही नेत नाहीत, बाबा. जमीन इतकी नाजूक असते की पाऊल पडलं तर खूण वर्षानुवर्षं राहते."

"मग तर बरंच आहे की," ते म्हणाले.

ती हसली होती. आता तो हसू येण्यासारखा मुद्दा वाटत नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला ते परत गेले आणि पाठोपाठ सगळं बंद झालं. टुंड्रा त्या वर्षी राहिला, पुढच्या वर्षीही राहिला. घरात कोंडून घेतलेल्या ऋजुताने सरावाचाच नकाशा प्रबंधासाठी घासूनपुसून तयार केला. माणूस असलेले फोटो जोडले की नकाशावर धुरकट डाग उमटतात; शिवाय कुणाचाही फोटो विनाकारण साठवायचा नाही, असा नियमही होता. तिने फोटो जोडणाऱ्या प्रोग्रामला सांगून टाकलं, माणूस दिसला की फ्रेम बाद, मूळ प्रतीसकट. प्रोग्राम भलताच आज्ञाधारक निघाला. नकाशा लख्ख झाला, गाइडने कौतुक केलं. पुढच्याच एप्रिलमध्ये बाबा आजारी पडले; ती विमानाची चौकशी करत होती तोवर दवाखान्यातून संजीवमामाचा फोन आला, बाबा गेले.

तेव्हापासून आई फोटो मागायची आणि ती 'शोधते' म्हणायची. शोधण्यासारखं काही नाही हे ठाऊक असूनही ती खरोखरच शोधत बसायची. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

तिने हार्डडिस्कवरचा हात काढला.

"आई, बाबांचे फोटो नाहीयेत. मीच काढून टाकले. नकाशा खराब होत होता म्हणून."

आईने पदराने फोनची काच पुसली.

"सगळे?"

"सगळे."

"मग उरलंय ते तरी दाखव."

ऋजुताने त्या दिवसाचा एक फोटो उघडला आणि फोन उचलून लॅपटॉपसमोर धरला. वाळकं गवत, चिखलातून वाकडेतिकडे गेलेले पाण्याचे पाट. यात आईला काय दिसणार, असं तिला वाटलं.

"ती कडेला पिशवी माझी ना? लाल काठाची?"

ऋजुता पुढे वाकली. हा फोटो तिने कितीदा तरी पाहिला होता, तिथलं गवतही मोजलं होतं. अगदी डाव्या कडेला, नखाएवढी, दशम्यांची पिशवी होती. प्रोग्रामला माणसं ओळखायला शिकवलं होतं, पिशव्या नाही.

"हो गं. तुझीच."

"मग हे तिथेच असणार. खाण्याची पिशवी सोडून लांब जायचे नाहीत ते." आईचा आवाज एकदम हलका झाला. "फोटो जरा सरकव ना. डावीकडचं दाखव."

ऋजुताने बोटाने फोटो सरकवला. पिशवी स्क्रीनच्या मधोमध आली. तिच्या पलीकडे फोटोच संपला होता आणि स्क्रीनचा रिकामा करडा रंग होता.

"अजून थोडं," आई म्हणाली.

ऋजुता सरकवत राहिली.