झऱ्याचं पाणी आणि तीन कुंड्या

झऱ्यापाशी लागलेली रांग थेट लाकडाच्या वखारीपर्यंत गेली होती. रांगेत बाटल्या होत्या, कॅन होते, बादल्या होत्या. एका गृहस्थांनी शेकायची रबरी पिशवी आणली होती आणि एका बाईंनी, घरातले मासे मेल्यामुळे रिकामी झालेली काचेची पेटी. एरवी बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आमची मंडळी एकामागे एक मुकाट उभी होती. खरं म्हणजे पहिला चमत्कार तोच. पण तो कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण दुसरा चमत्कार समोर टेबलावर मांडलेला होता.

टेबलावर दोन कुंड्या होत्या आणि टेबलामागे झरेबुवा.

"या मंडळी, या! डोळे उघडे ठेवून बघा, मी मिटायला सांगणाऱ्यांतला नाही!" बुवांचा आवाज बोहारणीला लाजवील असा खणखणीत. "ही कुंडी नळाच्या पाण्यावरची. पिवळी, मरतुकडी, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखी! आणि ही झऱ्याच्या पाण्यावरची. रोप एक, माती एक, ऊन एक. मग फरक कशाचा? नळाचं पाणी मेलेलं. आपला झरा जागा झालाय!"

दुसऱ्या कुंडीतलं रोप खरोखरच दृष्ट लागण्यासारखं होतं. पानं तळहाताएवढी आणि रंग असा हिरवागार, की बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरही उतरावा.

"पण बुवा, झऱ्यात ते हिरवं-हिरवं काय माजलंय?" रांगेतून कोणीतरी विचारलं. प्रश्न वाजवी होता. पूर्वी या झऱ्याचा तळ दिसायचा, गोटे मोजता यायचे, बोटाएवढे मासे पळताना दिसायचे. आता पाण्यात केसांसारखे हिरवे झुपके हलत होते आणि मासे कधी गेले ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"जटा आहेत त्या! झरा जागा झाला की जटा सोडतो."

"वास पण येतो."

"जाग आलेल्या माणसाच्या तोंडाला येत नाही?"

लोक हसले. हसलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुचत नाही, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. मग आवाज खाली आणून ते आयांकडे वळले. "जे पाणी रोपाला बाळसं आणतं, ते तुमच्या बाळाला आणणार नाही?"

त्या दिवशी रांगेत माझ्या खालच्या मजल्यावरची शिंपीण होती. नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर, घरात सासूसासरे आणि तीन महिन्यांची मुलगी. मुलगी अंगानं बेताची, आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरच्या दुधावर वाढणारी. येणारीजाणारी प्रत्येक बाई तिला उचलून "अगंबाई, किती हलकी!" म्हणायची आणि शिंपीण त्या रात्री जेवायची नाही. अशा आईला बाळसं हा शब्द ऐकू आल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही.

सासरे म्हणजे आप्पा. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. पाण्याचा कॅन घरात आलेला बघून ते उखडले.

"सूनबाई, हा शुद्ध बावळटपणा आहे."

"असू दे आप्पा. तिचं वजन वाढत नाही, त्यावर तुमच्या शास्त्रात काय आहे ते सांगा."

"हळूहळू वाढेल."

"हे तर बुवापण सांगतो. तो निदान पाणी तरी देतो."

सासूबाई सुनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि ही घटना घरात प्रथमच घडत असल्यामुळे आप्पा गडबडले. शेवटी त्यांनी माघार घेतली, पण शास्त्रोक्त पद्धतीनं. "बरं. पण उकळून द्या. चांगलं खळखळून उकळा. जंतू मेले की मग ते पाणी झऱ्याचं काय आणि नळाचं काय, सारखंच."

सासूबाई कोणतंही काम अर्धवट करणाऱ्या नव्हेत. त्या पातेलंभर पाणी चुलीवर ठेवायच्या आणि तळाशी पेलाभर उरलं की उतरवायच्या. तेवढं पाणी दुधाला. आप्पा रोज स्वयंपाकघरात डोकावून समाधानानं मान हलवायचे. सगळ्या गावात सर्वांत काळजीनं दिलं गेलेलं झऱ्याचं पाणी त्या पोरीच्या पोटात जात होतं.

आठवडा गेला असेल. मुलीच्या ओठांवर राखेसारखा रंग आला. मग नखं निळसर झाली. शिंपीण घाबरून तिला झऱ्यावर घेऊन गेली. बुवांनी मुलीचा तळवा उलगडून पाहिला. क्षणभर, मी तिथं होतो म्हणून सांगतो, त्यांचा चेहरा उतरला. पण समोर रांग होती.

"निळाई उतरलीय! मंडळी, झऱ्यानं या लेकराला आपलं म्हटलंय!"

बायका पोरीच्या पाया पडायला पुढे सरसावल्या. त्या गर्दीत पोर रडली नाही. रडायला लागतो तेवढा श्वास तिच्यापाशी नव्हता. ते कळलं फक्त तिच्या आईला, आणि ती गर्दी फोडून अशी पळाली की दोन बादल्या सांडल्या. बादलीवाल्यांनी तिला शिव्या दिल्या.

सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई होत्या. बोलणं कमी आणि जे काय ते तोडून. त्यांनी मुलीला प्राणवायू लावला, रक्ताचा थेंब पांढऱ्या कापसावर घेतला आणि त्याकडे बघत राहिल्या. थेंब लाल नव्हता, तपकिरी होता. त्यांनी स्वतःचं बोट टोचून शेजारी दुसरा थेंब टाकला. तो लाल. हा तपकिरीच.

"पोरीला पाणी कुठलं देता?"

"झऱ्याचं," शिंपीण म्हणाली.

"उकळून!" आप्पा घाईघाईनं म्हणाले. "अगदी आटवून, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "आप्पा, उकळून जंतू मरतात. पाण्यात विरघळलेलं खत मरत नाही. पाणी आटतं, खत आहे तेवढंच राहतं. घट्ट होतं."

आप्पा भिंतीजवळच्या बाकावर बसले. मीठ घातलेलं पाणी आटवलं की काय होतं, हा प्रयोग त्यांनी शेकडो मुलांना करून दाखवला होता.

मुलीच्या शिरेतून एक औषध दिलं. औषधाचा रंग गडद निळा. निळी पडलेली पोर त्या निळ्या औषधानं थोड्याच वेळात गुलाबी होऊ लागली, आणि मग एकदाची ओरडली. हे बुवांनी केलं असतं तर आम्ही त्यांची पालखीच काढली असती. डॉक्टरीणबाईंनी फक्त सलाइनचा थेंब कमी केला आणि म्हणाल्या, "ओरडू दे. गप्प करू नका."

मुलगी वाचली. पण गावात इतर तान्ही मुलं होती आणि रांग चालूच होती. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या दारावर सूचना लावली. त्या सूचनेला टेकून लोकांनी सायकली लावल्या.

मग महिन्याभरानं पाणी समितीची सभा भरली. समितीचे अध्यक्ष म्हणजे वरच्या माळावरच्या फुलांच्या काचघरांचे मालक. गावातलं निम्मं मनुष्यबळ त्यांच्याकडे कामाला. झरेबुवांना टेबल आणि मांडव त्यांनीच दिला होता, निव्वळ भक्तिभावानं. सभागृह भरलं. बुवा पहिल्या रांगेत, शिंपीण मुलीला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर कुंड्या मांडल्या. दोन नव्हे, तीन. एक पिवळी, दोन हिरव्यागार.

"बुवा, पिवळी नळाच्या पाण्यावरची. दोन हिरव्यांतली एकच झऱ्याच्या पाण्यावर वाढलीय. जागं पाणी कोणत्या कुंडीत आहे ते सांगा."

"त्यात काय मोठं!" बुवा उठले. त्यांनी डोळे मिटले, हात फिरवला, दोन हिरव्या कुंड्यांवर तो घुटमळला आणि जास्त हिरव्या कुंडीवर थांबला. "ही! ऊब लागतेय हाताला."

"ही नळाच्या पाण्यावरची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त पाण्यात चिमूटभर खत घातलंय. काचघरात वापरतात तेच."

बुवांच्या हाताला बहुधा चटका बसला असावा, तो त्यांनी पटकन मागे घेतला.

"वरच्या काचघरांत टाकलेलं सगळं खत झाडं खात नाहीत. उरलेलं पाण्याबरोबर जमिनीत मुरतं आणि झऱ्यातून बाहेर येतं. म्हणून रोप वाढतं. म्हणून शेवाळ माजलं, त्या शेवाळानं मासे मारले. आणि म्हणून ही मुलगी निळी पडली. तान्ह्या मुलाच्या पोटात या खताचं असं काही होतं, की रक्त प्राणवायू वाहून न्यायचं विसरतं. झरा जागा झालेला नाही. त्याच्यात आपण खत कालवलंय."

"अहो, हा बुवा वर खताच्या टाकीवरच कामाला होता!" मागून एक माळीण ओरडली. "कालवायचं काम ह्याचंच होतं! ह्याला सगळं माहीत होतं!"

बुवांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं.

"साहेबच म्हणाले, लोक हिरव्या पाण्याची ओरड करताहेत, काहीतरी सांग," बुवा पुटपुटले. "मी रोपांचं सांगितलं. पोरांचं..." पुढचं लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"हाकला या भोंदूला!" सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचाच होता. बुवा मागच्या दारानं गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी निघायची तयारी केली. भोंदू गेला की अंधश्रद्धा गेली, अशी आमची समजूत असते. दोन्ही एकाच घोंगडीत झोपतात असं आम्हाला वाटतं.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाण्यात खत अजून आहे. वर किती खत टाकायचं आणि झऱ्यात किती उतरलेलं चालेल, याची मर्यादा ठरवायची आहे."

"जरूर!" अध्यक्ष उठले. "आम्ही शास्त्राच्या बाजूचे. माझी सूचना अशी, की आज झऱ्यात जेवढं खत आहे तेवढी मर्यादा ठेवू. म्हणजे आज या घटकेपासून आपला झरा मर्यादेत!"

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. काम झटक्यात उरकल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

"आणि भीती कसली?" अध्यक्षांनी झऱ्याच्या पाण्याचा पेला मागवला, उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि घटाघटा प्यायले. मिशा पुसल्या. "बघा! आहे का मी निळा?"

आता टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र बुवांचं झऱ्यावरचं कुंड्यांचं टेबल आठवलं. हात तोच फिरला होता, फक्त कोट चांगल्या कापडाचा होता. मोठ्या माणसाला त्या पेल्यानं काही होत नाही, हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं.

शिंपीण उभी राहिली. मुलगी खांद्यावर झोपली होती.

"साहेब, माझ्याकडे झबलं शिवायला आलं, तर मी तुमच्या छातीचं माप घेत नाही."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

"ही निळी पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात? माप घ्यायचंच तर हिचं घ्या. हिला चालेल तेवढंच खत झऱ्यात. बाकी सगळे तेच पिऊ."

अध्यक्ष म्हणाले की भावना समजतात, पण काचघरांवर शेकडो चुली पेटतात. हेही खरं होतं, म्हणून तर अवघड होतं. ज्यांच्या चुली पेटतात ते समोरच बसले होते, चपलांकडे बघत. मग ती ओरडलेली माळीण उठली. "अर्धं खत तर वाहूनच जातं, साहेब. आम्ही रोज बघतो. मोजून टाकलं तर फुलं मरत नाहीत." उद्या तिला कामावर घेतील का, हे तिला माहीत नव्हतं. तरी तिनं हात वर केला. मग आप्पांनी केला. मग हळूहळू आणखी हात, आणि थोड्याच मतांच्या फरकानं मर्यादा मुलीच्या मापाची ठरली.

"मग कधी नितळ होईल झरा?" आप्पांनी विचारलं.

"आज झऱ्यातून येतंय ते कित्येक वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून वर मोजून टाकलं, तरी खाली फरक दिसायला बरीच वर्षं लागतील. हिच्या मुलांना कदाचित तळ दिसेल."

एवढ्या उशिरा येणाऱ्या फळाला टाळी कोण वाजवणार? लोक निमूट घरी गेले. परवा झऱ्यावरून जाताना दोन माणसं अजून बाटल्या भरताना दिसली. मी हटकलं, तर एक म्हणाला, "बुवा खोटा होता हो, पाणी थोडंच खोटं आहे?"

म्हणून एवढंच सांगणं आहे. कोणी तुम्हाला हिरवंगार रोप दाखवलं, तर त्याच्या मुळाशी काय ओतलं ते विचारा. कोणी तुमच्यादेखत पेला रिकामा करून दाखवला, तर तो पेला घरातल्या सर्वांत लहान जिवाला चालेल का, ते विचारा. विचारताना लोक हसतील. शिंपिणीलाही हसणार होते.