पहिलं अस्वल मी फेकलं

माझा नवरा ओरेस्ट ह्नाट्युक चौदा वर्षं बर्फावरची हॉकी खेळून पोट भरतोय, आणि तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. आम्ही ज्या अकरा गावांत राहिलो, तिथल्याही निम्म्या लोकांनी ऐकलेलं नाही. वरच्या मोठ्या लीगमध्ये त्याला एकदाच बोलावलं, आणि तीन तास बाकावर बसून तो परत आला. बाकी सगळा जन्म खालच्या लीगांत गेला, आज हा संघ तर उद्या तो. एकदा एका संघाने त्याला देऊन त्याच्या बदल्यात गोलरक्षक घेतला. तो गोलरक्षक गुडघा मोडलेला निघाला, तेव्हा लोक म्हणाले, चला, सौदा बरोबरीत सुटला.

आमचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. बारा गावचं पाणी प्यायला एकच गाव कमी होतं, आणि ते बारावं पाणी मी पिणार नाही असं मी ओरेस्टला स्पष्ट सांगितलं होतं. या अकराव्या गावात, लाँग पोर्टेजमध्ये, मला शाळेच्या बसवर कायमची नोकरी लागली होती. उणे तिसात ती पिवळी बस सुरू करणं येरागबाळ्याचं काम नाही. आमची लेक जून सहाव्या शाळेत रुळली होती. इथला ऑटर्स संघ ओरेस्टला ठेवून घेतो की नाही, एवढाच प्रश्न होता. करार पंचवीस सामन्यांचा होता, चोवीस झाले होते. पंचविसाव्यानंतर कोच थिबोदो ठरवणार होता.

आणि पंचविसावा सामना आला नेमका अस्वलांच्या शनिवारी.

अस्वलांच्या शनिवारी अख्खं गाव रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, लोटतं. एरवी ज्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नाही त्या आज्यासुद्धा येतात. प्रत्येकाच्या मांडीवर कापसाचं अस्वल. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळ्यांनी एकदम अस्वलं बर्फावर फेकायची, मग ती गोळा करून मुलांच्या इस्पितळात पाठवायची. गोलाआधी फेकायचं नाही. कुणी फेकलंच, तर पुढच्या वर्षभरात संघ हरला की प्रत्येक वेळी त्याच्याच नावाने बोटं मोडतात.

ओरेस्ट बचावातला गडी. समोरच्याला कडेच्या फळीवर चेपायचं आणि उडत्या रबरी चकतीच्या आड अंग घालायचं, एवढंच त्याचं काम. चौदा वर्षांत त्याने नऊ गोल केले, आणि नऊच्या नऊ वेळा मी तिथे नव्हते. एकदा बाळंत होत होते, एकदा सामानाचा ट्रक चालवत होते, उरलेल्या सात वेळा कामावर. त्यामुळे मी रिंकवर दिसले की संघातली पोरं म्हणायची, "ग्वेन आली, आज ओरेस्टकडून काही होत नाही." मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात?

त्या दुपारी पहिला भाग कोरा गेला. दुसरा कोरा. तिसऱ्या भागाचीही दहा मिनिटं गेली. तीन हजार लोक अस्वलं आवळून बसलेले. माझ्या शेजारच्या मिसेस ओयाला म्हणाल्या, "ग्वेन, माझा नातू सकाळपासून या अस्वलाला पोटाशी धरून बसलाय. आता गोल झाला तरी तो सोडेलसं वाटत नाही."

तेवढ्यात समोरच्यांच्या एका पोराने जाळ्यापुढून चकती आडवी सरकवली. ओरेस्ट पसरला, स्टिक लांबवली. चकती स्टिकला लागली, वर उडाली, जाळ्यात गेली. मागचा गोलाचा लाल दिवा लागला.

आता मला काय दिसलं ते ऐका. चकती, माझ्या नवऱ्याची स्टिक, आणि लाल दिवा. प्रत्येक भागानंतर संघ बाजू बदलतात हे मला चौदा वर्षं माहीत आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण त्या क्षणी माझी अक्कल चरायला गेली होती. "ओरेस्टने गोल केला" असं मी गळा फाटेस्तोवर ओरडले आणि हातातलं अस्वल फेकलं.

माझ्यामागे तीन हजार जणांनी फेकलं.

तपकिरी, गुलाबी, टोपीवाली, एक तर माणसाएवढं. बर्फ दिसेनासा झाला. आपल्याच जाळ्यापुढे गुडघ्यांवर बसलेला ओरेस्ट मानेपर्यंत अस्वलांत बुडाला आणि तिथून त्याने माझ्याकडे पाहिलं. संतापला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला फक्त काही कळत नव्हतं. मग लोकांना हळूहळू उमगलं की गोल पाहुण्यांचा झालाय, आणि सगळे माना वळवून पहिलं कुणी फेकलं ते शोधू लागले. मी मिसेस ओयालांच्या नातवाकडे बोट दाखवणार होते. खरंच दाखवणार होते. पण त्याच्या हातात अजून अस्वल होतं.

प्रेक्षकांनी काही फेकलं तर संघाला शिक्षा असते. पंचाने त्या ढिगाकडे पाहिलं आणि शिट्टी खिशात घातली. बर्फ साफ करायला चाळीस मिनिटं लागली, आणि आम्ही एक शून्य हरलो.

रविवारी सकाळी कोचचा फोन आला. "ओरेस्ट, तू माणूस सोन्यासारखा आहेस," त्याने सुरुवात केली, तेव्हाच मी काय ते समजले. सोन्यासारख्या माणसाला कुणी ठेवून घेत नाही. कालच्या गोलामुळे नाही, असं तो तीनदा म्हणाला.

दहा मिनिटांत एजंट फिंचचा फोन. कॅन्ससमधल्या डस्टी फोर्क नावाच्या गावात बचावातला गडी जायबंदी झालाय, तीनपर्यंत कळव.

"कॅन्सस," मी म्हटलं. "तिथे बर्फ शरबतात घालतात."

"मला जावंसं वाटतं," ओरेस्ट म्हणाला. "तिथे जाऊन एक गोल करतो आणि थांबतो. आत्ता थांबलो, तर माझा शेवटचा गोल आपल्याच जाळ्यात, ग्वेन. चौदा वर्षांचा शेवट हा?"

पहिलं अस्वल मीच फेकलं होतं. "जायचं तर जा," मी म्हटलं, "पण मी आणि जून इथून हलणार नाही." मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच भांडी आपटली.

दुपारी त्याचं सामान आणायला मीच त्याला रिंकवर नेलं. टोपी नाकापर्यंत ओढून तो मागच्या दाराने शिरायला निघाला. पण मागच्याच खोलीत गावातल्या बायका अस्वलं पोत्यांत भरत होत्या.

"आला बाई, हिरो आला," मिसेस ओयाला म्हणाल्या. "ओरेस्ट, पुढच्या वर्षी कुठल्या जाळ्यात मारणार ते आधी सांग, म्हणजे त्या बाजूची तिकिटं काढते."

"त्याला काय विचारता? फेकायचा हुकूम ग्वेन देते," दुसरी म्हणाली. "हिचा हात बघितलात का? हिलाच घ्या संघात."

"तीन हजार एकशे चार," तिसरीने पोतं बांधलं. "एवढी कधीच जमली नव्हती. आपल्या पोरांच्या गोलाची वाट बघत बसलो असतो, तर अर्धे लोक आधीच कॉफीला उठलेले असते."

ओरेस्टने टोपी वर केली. दहा गावांतून आम्ही निघालो तेव्हा कुणी त्याची टिंगलही केली नव्हती. टिंगल करायला नाव तरी माहीत असावं लागतं ना. इथे कोपऱ्यातल्या म्हातारीपर्यंत प्रत्येकजण त्याला नावाने छळत होता, आणि छळता छळता त्याच्या हातात रिकामं पोतं देऊन मोकळा होत होता. तो भरायला बसला.

तेवढ्यात आर्वो आला. तीस वर्षं रिंकचा बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा हा म्हातारा लंगडत येऊन ओरेस्टच्या पोत्यावरच टेकला. "माझे गुडघे गेले. सोमवारपासून यंत्रावर कुणीतरी हवा. तू बरा आहेस, तुला दोन्ही जाळी सारखीच ओळखीची."

बायका खो खो हसल्या. ओरेस्टही हसला, अगदी पोटातून. मग त्याने विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

"पाच. पहाटेचे."

त्याने भरायला दुसरं पोतं ओढलं. मग आम्ही गाडीत बसलो. मी काही विचारलं नाही, आणि न विचारणं मला किती जड जातं ते माझ्या बसमधल्या पोरांना विचारा.

तीनच्या ठोक्याला फोन वाजला. ओरेस्ट बटाट्याचं सारण भरून पिरोगी करायला बसला होता, हात पिठाचे, म्हणून मी घेतला.

"कुठाय तो?" फिंच म्हणाला. "सहाची बस आहे. निघाला का?"

मी फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"

ओरेस्टने हातातल्या पिरोगीची कड बोटाने नीट दाबून बंद केली, ताटात ठेवली आणि दुसरी घेतली.

"सांग," तो म्हणाला, "मी घरी आहे."