गाद्यांच्या दुकानातली धोबीपछाड

जावई गेली चार वर्षं सासऱ्यांच्या गाद्यांच्या दुकानात विक्रीला उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा, कारण दुकानातल्या माणसानं गादीवर टेकायचं नाही असा सासऱ्यांचा दंडक होता. गिऱ्हाईक आडवं व्हायचं आणि हा त्याच्या उशाशी उभा राहून पाठीला आधार, मानेला आराम, असं म्हणायचा. दुकानात अकरा प्रकारच्या गाद्या होत्या आणि अकराच्या अकरा गाद्यांबद्दल तो हेच म्हणायचा. एखाद्या खडूस आजोबांनी, तुम्ही स्वतः झोपलाय का यावर, असं विचारलं की त्याला खोकला यायचा.

सासरे वाईट नव्हते, पण त्यांना जावयाशी बोलणं जमत नसे. गिऱ्हाइकांसमोर ते त्याला जावईबापू म्हणत आणि गिऱ्हाईक गेलं की काहीच म्हणत नसत. काही सांगायचं असलं की ते गल्ल्यावरून मुलीला फोन करायचे, मुलगी नवऱ्याला फोन करायची, आणि मग तो दहा पावलांवर बसलेल्या सासऱ्यांकडे बघून "बरं" म्हणायचा.

त्या सोमवारी सासऱ्यांची अक्कलदाढ काढायची होती. चार वर्षांत पहिल्यांदाच दुकान एकट्या जावयाच्या हाती आलं. सासऱ्यांनी निघताना मुलीमार्फत कळवलं की दुकान सोडू नका, सवलत देऊ नका आणि गादीवर टेकू नका. जावई बरं म्हणाला, दुकानाचं नाव खिशावर शिवलेला तपकिरी कोट त्याने अंगात चढवला आणि दारापाशी उभा राहिला.

अकराच्या सुमारास एक पुरुष आणि एक बाई आत आली. दोघंही पन्नाशीची. पुरुषाला मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं होतं, आणि कान चुरगळून परत उलगडलेल्या कागदासारखे. बाई त्याच्या निम्म्याने होती, पण चालताना आधी जमीन चाचपून पाऊल टाकत होती, त्यामुळे तिला धक्का लागला असता तर धक्का देणाराच पडला असता, असं जावयाला उगाच वाटून गेलं.

ती सख्खी भावंडं निघाली. भाऊ कुस्तीचा वस्ताद होता. त्याच्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायही घालायचा नाही, सगळा कारभार छाती, खांदे आणि दंड यांच्यातच. बहीण ज्युदो शिकवायची. दोघांना मिळून एकच हॉल होता, एक दिवस त्याचा आणि एक दिवस तिचा. खालची गादी फाटली होती, आणि हॉलच्या कमिटीनं सांगितलं होतं की दोघांनी मिळून एक गादी पसंत करा, नाहीतर फरशीवर खेळा. दोघांनी मिळून काही पसंत करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

जावयानं नम्रपणे सांगितलं की इथे झोपायच्या गाद्या मिळतात. वस्ताद म्हणाला की माणूस त्यावर पाठ टेकवतो ना, मग झालं तर. त्यानं पहिली गादी अंगठ्यानं दाबली, दुसरी दाबली आणि मान हलवली, म्हणजे खांद्यांसकट डोकं हलवलं.

"दाबून काही कळत नाही. माणूस पडला पाहिजे."

मग तो दुकानात माणूस शोधू लागला. दुकानात माणूस एकच होता.

जावयाला नंतर नीटसं सांगता आलं नाही, पण झालं ते असं. वस्तादानं त्याचं मनगट धरलं, दुसरा हात दंडाखाली घातला आणि अडकलेला ड्रॉवर ओढावा तसा तो हात आपल्या बाजूने ओढून घेतला. हाताबरोबर जावईही गेला. तो सावरून समोर बघतो तर वस्ताद समोर नाहीच, तो मागे, आणि त्याचे दोन्ही हात जावयाच्या बरगड्यांभोवती. मग छताचा पंखा जवळ आला आणि लांब गेला.

पहिल्या नंबरच्या गादीवर उताणं पडल्या पडल्या जावयाच्या मनात आलं की आपण टेकलो. वस्तादानं वरून वाकून विचारलं, कशी आहे.

"कडक आहे," जावई म्हणाला, आणि आपण गादीबद्दल खरं बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

बहीण म्हणाली की दादानं दाखवलं ते ठीक आहे, पण तिची मुलं अशी पडत नाहीत, तेव्हा तिलाही बघायला हवं. तिला धरायला कापड लागायचं, म्हणून कोटाची बटणं लावायला सांगितली. एक हात तिनं बाहीला घातला, दुसरा कॉलरला, आणि ती पाठ फिरवून इतकी पटकन खाली बसली की जावई तिच्या खांद्यावरून एखाद्या शालीसारखा घसरला आणि तीन नंबरवर जाऊन पडला. तीन नंबर फोमची. तो तिच्यात इतका रुतला की दोघा भावंडांनी एकेक हात धरून त्याला बाहेर काढलं.

तिथून खरं भांडण सुरू झालं. वस्ताद म्हणाला की ही तर आमची धोबीपछाड, धोबी दगडावर कपडा आपटतो तशी, हिनं उचलून आपल्या नावावर खपवली. बहीण म्हणाली की आमच्याकडे ती पहिल्या वर्षाला शिकवतात आणि तिला चांगलं लांबलचक नाव आहे. वस्तादानं फरक सांगितला की कुस्तीत हात धरतात आणि ही बाही धरते.

"बाहीच्या आत हातच असतो ना, दादा? का तुझ्या पैलवानांच्या बाहीत आणखी काही असतं?"

वस्तादानं जावयाला कोट काढायला लावला आणि तोच डाव उघड्या दंडाला धरून मारून दाखवला. बहिणीनं कोट घालायला लावला आणि कमरेवरून फेकून दाखवलं. वस्ताद म्हणाला ही तर ढाक, कोट काढा. मान काखेत धरून त्यानं त्याच अंगाने फेकलं. कोट घाला, कोट काढा, असं होता होता दोन, चार, पाच आणि सहा नंबरच्या गाद्या संपल्या. मग बहिणीला आठवलं की जगात एक असाही प्रकार आहे ज्यात जाडजूड गडी एकमेकांचा पट्टा धरून रिंगणाबाहेर ढकलतात, आणि त्यातही छातीला छाती लावण्याचं काम तुझ्यासारखंच आहे, दादा. तिनं जावयाच्या पॅंटचा पट्टा धरला. वस्तादानं हरकत घेतली. पट्टा कमरेवर असतो, मग तो कमरेच्या वर धरायचा की खाली? त्यानं बराच विचार केला आणि निकाल दिला की पट्ट्याची वरची कड चालेल, खालची चालणार नाही.

एव्हाना दारात माणसं जमली होती. एक नवरा-बायको तीन आठवडे रोज येऊन सात आणि आठ नंबरांत घोळ घालत होती, तीही आली होती. जावई आठवर आदळला तेव्हा बायको नवऱ्याला म्हणाली की आवाज कमी आला, हीच घेऊ. जावयानं पडल्या पडल्याच सांगितलं की आठ चांगली आहे, पण डाव्या कुशीवर झोपत असाल तर सात घ्या, आठमध्ये खांद्याखाली एक स्प्रिंग जागी असते. त्यांनी सात घेतली. मागून एक शिक्षक पुढे आले आणि म्हणाले की मी पोटावर झोपतो, तर कृपा करून यांना एकदा पोटावर टाकता का. वस्तादानं टाकलं.

खरं सांगायचं तर जावयाला मजा यायला लागली होती. बहिणीनं त्याला हनुवटी छातीला लावून हात आपटत पडायला शिकवलं होतं, वस्तादानं पाठीची कमान करायला. दंडाखालून हात आत सरकवला की समोरच्याचा खांदा आपला होतो आणि खांदा आपला झाला की माणूस आपला होतो, हे त्याला कळलं होतं. एकदा तर त्यानं वस्तादाच्या काखेखालून डोकं काढून मागे जायचाही प्रयत्न केला. वस्तादाला बगलडूब करताय म्हणून इतका आनंद झाला की त्यानं त्याला जरा प्रेमानं फेकलं. शिवाय इतकं घट्ट त्याला कित्येक दिवसांत कुणी धरलं नव्हतं.

दहा नंबरवर दोघं भावंडं अडून बसली. डाव कुणाचा सोपा, कपड्याचा की बिनकपड्याचा, हे एकाच फेकीत ठरवायचं होतं. शेवटी तोडगा निघाला. जावयानं कोटाची एकच बाही घातली. कोटाच्या बाजूने बहीण लागली, उघड्या दंडाच्या बाजूने वस्ताद. एक, दोन, तीन म्हणून दोघांनी उचललं, आणि त्याच वेळी सासरे दुकानात शिरले.

त्यांचा एक गाल बधिर होता, गालात कापसाचा बोळा होता. समोर काय तर जावई हवेत आडवा, अर्धा कोट झेंड्यासारखा फडकतोय आणि गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतायत. सासऱ्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं,

"फोडा! फोडा त्याला!"

टाळ्या थांबल्या. शिक्षक दोन पावलं मागे सरकले. वस्तादानं जावयाला अलगद दहा नंबरवर ठेवलं आणि म्हणाला की मालक, सरावात इतकं करायचं नसतं. बहिणीनं जावयाच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं की घरात असंच असतं का. सासरे आणखी चिडून आणखी जोरात फोडा म्हणत होते. तेव्हा जावई उठून बसला.

"ते सोडा म्हणतायत," तो म्हणाला. "सोडा त्याला, म्हणतायत."

पण सासऱ्यांना धीर धरवला नाही. त्यांनी मागून वस्तादाच्या पाठीला छाती लावली, काखांखालून हात घालून बोटात बोटं अडकवली, गुडघ्यात वाकले आणि त्या बिनमानेच्या पहाडाला उचलून, चार पावलं नेऊन, रचलेल्या गाद्यांच्या थप्पीवर बसवलं. थप्पी छातीइतकी उंच होती. वस्तादाचे पाय लोंबकळत होते.

वस्तादानं अत्यंत आदरानं विचारलं की ही कव कोणाकडे शिकलात. सासऱ्यांनी उत्तर दिलं, ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यांनी जावयाकडे बघितलं. चार वर्षं ज्याला सासऱ्यांचं म्हणणं बायकोकडून कळायचं, तो आता मांडी घालून दहा नंबरवर बसला आणि ओळ न् ओळ सांगू लागला. चाळीस वर्षं गाद्या उचलतोय, म्हणतायत. डबलबेडची गादी जिन्यावरून एकट्यानं न्यायची तर हातानं उचलायची नाही, छातीला लावायची, म्हणतायत. ती मऊ असते, निसटते, म्हणून आधी तिचा जम बसू द्यायचा नाही, म्हणतायत. माणूस त्या मानानं सोपा आहे, त्याला हाडं असतात.

वस्ताद थप्पीवरून म्हणाला की हेच मी तीस वर्षं पोरांना सांगतोय. बहीण म्हणाली की मीसुद्धा. दोघांनी एकमेकांकडे दचकून बघितलं.

सासरे मग जावयाजवळ आले. त्यांनी त्याचा कोट सरळ केला, दुसरी बाही शोधून त्याचा हात तिच्यात घातला आणि फोन न करता स्वतःच विचारलं, लागलं का.

"नाही, बाबा. नऊ नंबरचा कोपरा सोडला तर कुठेच नाही."

सासऱ्यांनी नऊ नंबर पालथी केली, कोपरा दाबून बघितला आणि आत एक खिळा राहिलेला निघाला. टेकायचा नियम त्यांनी उठवला असं कधी सांगितलं नाही, पण पुढच्या सोमवारपासून गिऱ्हाईक काही विचारू लागलं की ते जावयाकडे बोट दाखवून म्हणायचे, यांना विचारा, हे सगळ्यांवर पडलेत.

हॉलची गादी सासऱ्यांनी मागच्या खोलीत स्वतः शिवली. जाडीवरून भावंडांत वाद झाला नाही, दोघांनाही दाबलेला फोम हवा होता. रंगावरून झाला. वस्तादाला लाल हवी होती, बहिणीला निळी. सासऱ्यांनी एक बाजू लाल आणि एक बाजू निळी शिवली. ती रोज उलटवायला वीस माणसं लागतात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून लाल दिवशी निळी मंडळी हजर असतात, निळ्या दिवशी लाल, आणि आलोच आहोत तर म्हणून थांबतात. आता ज्युदोवाल्यांना ढाक येते, पैलवानांना बाही धरायची सवय लागली आहे, आणि वस्ताद व बहीण दोघंही म्हणतात की समोरच्यानं आपली मुलं बिघडवली.

जावयानं वस्तादाकडे नाव घातलं. त्याची पहिली लढत मैत्रीची होती, चष्म्याच्या दुकानातल्या एका लांब हाताच्या माणसाशी. बायको पहिल्या रांगेत होती, सासरे तिच्या शेजारी पंचाच्या चुका मोजत बसले होते. जावई सात गुणांनी हरला. त्याला स्वतःला एकही गुण मिळाला नाही.

घरी चालत जाताना तो बायकोला एकेक गुण कसा गेला ते सांगत होता. पहिला, दंड ओढून माझ्या मागे गेला तो, दुसरा कव, मग तिसरा बगलडूब, त्यात चूक माझी, कोपर उचललं मी. चौथी साधी ढाक. पाचव्याला तो मला सोडणार होता, पण मी त्याला सोडलं नाही म्हणून दोघं गेलो. सहावा आणि सातवा कसा गेला ते काही त्याला कळलं नव्हतं.

सासरे मागून येत होते. त्यांनी दोन पावलं लांब टाकली आणि दोघांच्या मधे शिरून, अगदी थेट जावयाला सांगितलं की सहावा ज्युदोचा होता, तो मोजायलाच नको, आणि सातव्याबद्दल उद्या दुकान उघडलं की मागच्या खोलीत ये, दाखवतो.